निळ्या दोऱ्याचा ब्रश

परवा नात फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "आजी, हा घेऊ का? चेहरा धुवायचा ब्रश आहे, विजेवर चालतो. तू एवढी वर्षं पार्लरमध्ये होतीस. सांग ना, चांगला की वाईट?"

मी म्हटलं, "पार्लरमध्ये कसली, पार्लरच्या मोरीत होते. टॉवेल धूत होते."

"तरी सांग."

तिला वाटलं, मी एका वाक्यात सांगून मोकळी होईन. दोन दिवस झाले, मी अजून तोंड उघडलेलं नाही. त्या ब्रशचं चांगलं-वाईट सांगायचं तर मलमलचं सांगावं लागतं, आणि मलमलचं सांगायचं तर तिचे हात कसे गेले ते सांगावं लागतं. तोंडी सांगायला बसले की माझा घसा भरून येतो, नात पाणी आणायला धावते, आणि गोष्ट तिथंच राहते. म्हणून लिहून काढते आहे. दुसरीनंतर माझी शाळा सुटली, अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. पण कागदावर मध्येच कोणी पाणी आणून देत नाही.

मलमल हे तिचं खरं नाव नव्हे. गिऱ्हाइकांनी पाडलेलं. तिचा हात चेहऱ्यावरून फिरला की मलमलीचं कापड ओढल्यासारखं वाटायचं, म्हणून. मी तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. गिऱ्हाईक खुर्चीत असलं की मी तिला "अहो ताई" म्हणायची, गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेर पडलं की "अगं ए". ती मात्र मला कायम "मावशी" आणि "तुम्ही". मी म्हणायची, अगं, तुझी नोकर आहे मी. ती म्हणायची, "नोकर असता तर वेळेवर आला असता."

तिचं पार्लर म्हणजे घराचीच पुढची खोली. एका बाजूला औषधाचं दुकान, दुसऱ्या बाजूला चपला शिवणारा. आत दोन खुर्च्या, त्यातली एक मागे आडवी होणारी. मोठा आरसा, त्याच्या कोपऱ्यातला पारा उडालेला, त्यामुळे त्या कोपऱ्यात बघणाऱ्याच्या कपाळावर नेहमी एक काळा डाग दिसायचा. नवीन बाई आली की हमखास कपाळ पुसायची. मागे मोरी, मोरीत माझं मोठं पातेलं आणि गॅसची शेगडी. चोवीस पांढरे टॉवेल. रोज सोडा घालून उकळायचे, पिळायचे, मागच्या गॅलरीत वाळत घालायचे. एकोणीस वर्षं मी ते केलं.

तिची एक पद्धत होती. गिऱ्हाईक आडवं झालं की आधी काही करायचं नाही. हाताची मागची बाजू त्याच्या गालाला लावायची. एक गाल, दुसरा गाल, मग कपाळ. डोळे मिटून. मनात दहा मोजायची. मग बोलायची. "झोप होत नाही वाटतं." "साबण बदललास?" "कोणाशी भांडून आलीस गं?" बायका दचकायच्या. एक म्हणाली होती, "हिला पोलिसात घ्या."

मी एकदा विचारलं, मागची बाजू का? ती म्हणाली, "तळव्याला कामाची घाई असते, मावशी. मागच्या बाजूला काहीच काम नाही. ती नुसती ऐकते."

हे ती शिकली सासूकडून. नवरा लग्नानंतर चारच वर्षांत गेला, मूलबाळ नाही. राहिल्या ह्या दोघी. मग सासूला झटका आला, अंथरुणाला खिळली, वाचा गेली. सहा वर्षं मलमलनं रोज सकाळी तिचं तोंड धुतलं. बोलता येत नसलेल्या माणसाचं काय दुखतं, काय खुपतं, हे हातानंच ओळखायचं. ती सांगायची, "वाचा होती तोवर म्हातारी मला एक शब्द धड बोलली नाही. वाचा गेल्यावर आमचं छान जमलं." सासू गेल्यावर तिनं त्याच खोलीत खुर्ची मांडली. तोंड धुणं तेवढं तिला येत होतं, म्हणून तेच करायला लागली. ती खोली आणि ते हात, एवढाच तिचा संसार.

आणि मग हात जायला लागले.

आधी कप पडायला लागले. महिन्याभरात तीन. मी म्हटलं, लक्ष कुठं असतं तुझं? मग एक दिवस तिनं उकळत्या पातेल्यातला टॉवेल चिमट्याऐवजी बोटांनी उचलला. मी ओरडले. ती हाताकडे बघत राहिली, दुसऱ्या कोणाचा हात चुकून आपल्याकडे राहिला असावा, तसं. बोटांची टोकं लाल झाली होती आणि तोंडावर वेदनेचं चिन्ह नव्हतं.

"भाजलं नाही?"

"कळलं नाही," ती म्हणाली. हळू आवाजात.

डॉक्टरांनी सांगितलं, मनगटात नस दबली आहे, दोन्ही हातांच्या. वर्षानुवर्षं बोटं एकाच कामाला जुंपली की होतं. छोटं ऑपरेशन. लवकर केलं तर मोकळी होईल, उशीर झाला तर गेलेलं परत येण्याची खात्री नाही. एका हाताला दोन महिने विश्रांती, मग दुसऱ्याला दोन.

घरी आल्यावर ती म्हणाली, "चार महिने कोण थांबेल माझ्यासाठी? पुढच्याच गल्लीत दोन पार्लर उघडलीत, थंडगार हवा आणि गाणी लावून. आणि एकदा का बायकांना कळलं, हिच्या हाताला कळत नाही, की कोण ह्या हाताखाली तोंड देईल?"

"मग काय करणार?"

"अंगठे शाबूत आहेत, मावशी. अंगठ्यांवर निभावेन. तुम्ही फक्त कोणाला बोलू नका."

मी बोलले नाही. हे लिहिताना थोडं थांबावं लागतं. मी हो म्हटलं. माझंही पोट त्या पातेल्यावर होतं हे खरं, पण त्याहून मोठं कारण म्हणजे ती मला पहिल्यांदाच काही मागत होती.

अशात पार्लरचं सामान विकणारी एक बाई आली. चाकांची पेटी ओढत, घामाघूम. पेटीतून तिनं एक पांढरं काढलं, अंड्याला दांडा फुटल्यासारखं. वर गोल ब्रश, केस इतके मऊ की मांजराचं पोट. बटण दाबलं की भुंग्यासारखं गुणगुणायचं. वीस सेकंदांनी टुक्‌ करायचं, म्हणजे आता कपाळ सोडा, नाकाकडे या. पुन्हा टुक्‌, डावा गाल. पुन्हा टुक्‌, उजवा. जास्त दाबलं तर दांड्यावर लाल दिवा लागायचा. मलमलनं तो हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ती काय विचार करते आहे ते मला लगेच कळलं. हिच्या बोटांना जे कळत नाही, ते ह्याला कळतं.

नातीनं विचारलंय म्हणून सांगते, ब्रश खरंच चांगला होता. उन्हात फिरणाऱ्या बायका तोंडाला जे पांढरं थापतात, ते साध्या धुण्यानं निघत नाही, ते निघायचं. नाकाच्या कडेचे काळे ठिपके जायचे. तेलकट चेहऱ्यांना तर उतारा मिळाल्यासारखं झालं. एक शाळेतली बाई यायची, ती आरशात बघून म्हणाली, "माझ्या वर्गातल्या एकाही वहीचं पान इतकं स्वच्छ नाही." शिवाय हात दुखत नाही, आणि पहिला चेहरा असो की दहावा, जोर सारखाच.

वाईटही होतं. कोरड्या कातडीला तो सोसायचा नाही, ओढल्यासारखं व्हायचं. पुटकुळ्या असल्या तर त्या चार घरं फिरून यायच्या. रोज वापरला तर चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा. एकाचा ब्रश दुसऱ्यानं वापरायचा नाही, आणि वरचा गोल तीन महिन्यांनी बदलायचा. पण त्याचा सगळ्यात मोठा तोटा पेटीवर छापलेला नव्हता. तो चांगला होता, हाच तोटा. तो नसता तर मलमलला हात लपवता आले नसते. महिन्याभरात झक मारत ऑपरेशन करून घ्यावं लागलं असतं. ब्रशनं तिला दीड वर्ष लपू दिलं, आणि त्या दीड वर्षात मनगटातली नस मरत गेली.

प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाला तिनं वेगळा गोल ठेवला. नावं लिहिली असती, पण ते धुण्याचं काम माझं, आणि माझं वाचन बेताचं. म्हणून आम्ही रंगीत दोरे बांधले. शाळेतल्या बाईचा पिवळा. औषधवाल्याच्या बायकोचा हिरवा. बँकेतल्या ताईंचा निळा. मोरीतल्या भिंतीवर खिळ्यांना सगळे ओळीनं टांगलेले असायचे. एखादा गोल सुरू करण्याआधी मलमल केसांवरून अंगठा फिरवायची, मान हलवायची, मग चढवायची. हीसुद्धा तिची पद्धत. पूर्वी टॉवेलवरूनही फिरवायची.

तिनं मला बजावलं होतं, "मावशी, हे कोमट पाण्यात, साध्या साबणानं. बस्स."

काही महिने मी तसंच केलं. मग एक बाई आली, तिला आम्ही पाठीमागे नाकवाली म्हणायचो, कारण ती प्रत्येक वस्तू आधी हुंगायची. तिच्या हनुवटीवर दोन पुटकुळ्या आल्या होत्या. दारातूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमच्याकडे ब्रश नीट धुतात ना? कोण धुतं?"

कोण धुतं! सतरा-अठरा वर्षं माझ्या टॉवेलवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. कानशिलं तापली माझी. मलमल मला आत येऊन म्हणाली, "सोडा हो, ती रात्री चॉकलेटं खाते आणि दिवसा ब्रशला नावं ठेवते." पण मी सोडलं नाही. माझ्या डोक्यात एकच, तोंडाला लागणारी वस्तू उकळली की स्वच्छ. दुसऱ्या दिवसापासून टॉवेल काढले की त्याच पाण्यात सगळे गोल टाकायची. पाच मिनिटं खदखदू द्यायची. मलमलला सांगितलं नाही. म्हटलं, कशाला सांगायचं, काम वाढवते आहे ते माझंच.

सहा आठवडे मी ते केस शिजवले.

मधे दोघी-तिघी म्हणाल्या, आज जरा चरचरतंय. मलमल म्हणाली, काम करतोय तो. त्या जाड कातडीच्या होत्या, निभावलं.

बँकेतल्या ताईंची कातडी मात्र कांद्याच्या सालीसारखी. उन्हातून आल्या तरी लाल, हसल्या तरी लाल. अकरा वर्षं यायच्या. मलमल त्यांना मशीन लावायचीच नाही. "ह्यांचा चेहरा हातानंच," म्हणायची. त्यांचा निळ्या दोऱ्याचा गोल नुसता नावाला टांगलेला. मी मात्र तोही रोज उकळायची. वापरला नाही म्हणून काय झालं, धूळ बसतेच.

त्या दिवशी ताई हसतच आल्या. "उद्या माझा शेवटचा दिवस आहे गं बँकेत. निरोपाचा कार्यक्रम आहे. मोठे साहेब येणार, फोटो काढणार. पस्तीस वर्षं काचेमागे बसले, उद्या पहिल्यांदा स्टेजवर बसायचंय. जरा बघण्यासारखी कर मला."

मी मोरीच्या दारात होते. मलमलनं त्यांच्या गालाला हात लावला, डोळे मिटून दहा मोजले. मग बोटांनी सुरुवात केली. दोनदा तिची बोटं घसरून ताईंच्या पापणीवर गेली. ताईंची पापणी फडफडली, तशी मलमल थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, निळा द्या."

मी निळा दिला. तिनं केसांवरून अंगठा फिरवला. मान हलवली. चढवला.

मला वाटलं, अंगठ्यानं बघितलंय, म्हणजे ठीक असेल. अंगठे शाबूत आहेत, असं तीच म्हणाली होती.

ब्रश गुणगुणायला लागला. मलमलनं सवयीनं डोळे मिटले. ताईंचे तर मिटलेलेच होते. टुक्‌. टुक्‌. मी आत टॉवेल पिळायला गेले. लाल दिवा लागला असणार. तो बघायला त्या खोलीत एकही डोळा उघडा नव्हता.

थोड्या वेळानं मलमल वापरलेला टॉवेल घेऊन मोरीत आली. माझ्या हातात दिला आणि जायला वळली. मी टॉवेल उलगडला. त्यावर गुलाबी रंग होता. एक मोठा, एक लहान डाग, जसे दोन गाल.

"अगं," मी म्हटलं. बाहेर गिऱ्हाईक होतं, तरी "अगं" म्हटलं. टॉवेल तिच्यासमोर धरला.

ती धावली. ताई उठून आरशात बघत होत्या. डावा गाल पार सोलवटला होता, उजवा थोडा कमी. आधी त्यांनी, अकरा वर्षं येऊनही, आरशातला कपाळावरचा डाग पुसायला हात नेला, मग हात गालाशी थांबला.

"दुखत नव्हतं का तुम्हाला?" मलमलचा आवाज फाटला होता. "बोलला का नाहीत?"

"जरा झोंबत होतं," ताई म्हणाल्या. "मला वाटलं, निरोपाचं म्हणून आज काहीतरी जास्तीचं करते आहेस."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. औषधवाल्याकडून मलम आणलं, लावलं. जाताना त्यांनी मलमलच्याच पाठीवर हात ठेवला.

त्या गेल्यावर मी निळा गोल हातात घेतला आणि माझ्या गालावर ओढला. काथ्या. भांडी घासायचा काथ्या. एकेक केस वाकून, टोकाला फुटून कडक झालेला. सोड्यानं राठ झालेल्या माझ्या बोटांना कळलं नव्हतं, पण कोणाच्याही शाबूत अंगठ्याला कळलं असतं. मी मलमलकडे बघितलं. ती खुर्चीत बसून दोन्ही अंगठे एकमेकांवर घासत होती.

"अंगठे केव्हा गेले?" मी विचारलं.

"बोटांच्या आधी," ती म्हणाली.

तेव्हाच मी सांगायला हवं होतं, की गोल मी उकळले. ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, "माझ्या हातानं त्यांचा चेहरा सोलला, मावशी." आणि मी गप्प बसले. माझ्यात हिंमत नव्हती, दुसरं काही नाही.

पंधरा दिवसांनी ताई आल्या. गाल भरत आले होते. त्यांनी कार्यक्रमाचा फोटो आणला होता. हार घातलेला, मान एका बाजूला वळवलेली. "बघ, उजवा गाल पुढे केला. सगळे म्हणाले, किती झोकात बसल्या आहेत." आणि त्या खुर्चीत जाऊन आडव्या झाल्या. "चल, हातानं धू. मशीन नको."

मलमल भिंतीला टेकून उभी होती. हात पाठीमागे. "नाही ताई. आता हे हात मी कोणाच्या तोंडाला लावणार नाही."

ताई बराच वेळ तशाच आडव्या राहिल्या. मग उठून गेल्या.

महिन्याभरात खुर्ची विकली, आरसा कोणी घेतला नाही. ऑपरेशन केलं, दोन्ही हातांचं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. दुखणं थांबलं, पण स्पर्श आला नाही.

मी तिच्याकडे जात राहिले. तिला बटणं लावता यायची नाहीत, ती मी लावायची. ती म्हणायची, "आता तुमची खरी नोकरी सुरू झाली." हसायची. पण बँकेतल्या ताई रस्त्यात दिसल्या की पलीकडच्या बाजूला जायची. एकदा औषधवाल्याची सून तान्हं बाळ घेऊन आली, तिच्या मांडीवर द्यायला लागली. मलमलनं दोन्ही हात पदराखाली लपवले. "नको गं. माझ्या हातांचा भरवसा नाही. ह्यांनी एकीचा चेहरा सोललाय."

त्या गोष्टीला तेव्हा तीन वर्षं झाली होती. सून गेल्यावर मी सांगून टाकलं. नाकवालीपासून पातेल्यापर्यंत सगळं. त्या ब्रशबरोबर आलेल्या पुस्तिकेत चित्र होतं, हेही सांगितलं. वाफाळणारं पातेलं आणि त्यावर फुली. वाचायला येत नसलेल्यालाही कळेल असं. मी ती पुस्तिका कधी उघडलीच नव्हती, पार्लर आवरताना पहिल्यांदा उघडली.

ती म्हणाली, "म्हणजे एकट्या माझ्या हाताचं नव्हतं?"

"नाही."

"केस कडक झाले होते."

"मी शिजवले होते."

ती उठून उभी राहिली. "तीन वर्षं! तीन वर्षं मी ह्या हातांना शिव्या घालते आहे, आणि तू बटणं लावत बसलीस? तोंडात काय होतं तुझ्या? चालती हो."

बावीस वर्षांत तिनं मला पहिल्यांदा "तू" म्हटलं. मी चपला घातल्या आणि निघाले. रस्त्यानं येताना वाटलं, खरं म्हणजे हेच बरोबर आहे, हिनं मला आधीच "तू" म्हणायला हवं होतं.

दहा दिवस तिकडे फिरकले नाही. अकराव्या दिवशी औषधवाला सांगत आला, "मावशी, मलमलबाईंनी निरोप दिलाय. टॉवेल धुवायचे पडलेत म्हणे."

गेले. मोरीत एकच टॉवेल होता, तोही धुतलेला. मी चहाचं आधण ठेवलं. ती मागून येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. मग हळूच तिनं हाताची मागची बाजू माझ्या गालाला लावली. इतक्या वर्षांत तिनं माझा चेहरा कधी हातानं बघितला नव्हता. मी कधी त्या खुर्चीत बसलेच नव्हते. तिनं डोळे मिटले. मी मनात मोजत होते. सात, आठ.

"ओला आहे," ती म्हणाली.

"चहाची वाफ लागली असेल."

"वाफ गरम असते, मावशी."

आणि मग आम्ही दोघी एकदमच तिच्या हाताकडे बघितलं. पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, हाताच्या मागच्या बाजूची नस वेगळी, तिला काही झालेलंच नाही. तळव्याचा प्रश्न होता. म्हणजे काम करणारी बाजू गेली होती, ऐकणारी तशीच होती. पहिल्यापासून. त्या दिवशीही. ताईंच्या गालाला तिनं हात लावला तेव्हा तिला सगळं नीट ऐकू आलं होतं. निळा ब्रश अंगठ्याऐवजी तिथं ओढून बघितला असता तर? पण ते सुचलं नाही. त्या दिवसानंतर तिनं दोन्ही हात एकजात मेलेले धरले, आणि मी गप्प बसून त्यावर माती लोटली होती.

"एखादी मुलगी हाताशी घेतली असती," ती वाटेत म्हणाली. "मी ऐकलं असतं, तिनं धुतलं असतं. चाललं असतं की पार्लर." एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

त्यानंतर ती चौदा महिने होती. औषधवाल्याच्या नातवाला गालाला हात लावून सांगायची, ह्याला दात येणार आहेत. बँकेतल्या ताईंना मी एकदा मुद्दाम घेऊन गेले. दोघी बराच वेळ हवापाण्याचं बोलल्या. ताईंनी स्वतःहून गाल पुढे केला. मलमलनं हात अर्ध्यावर नेला आणि परत घेतला. तेवढं तिला नाहीच जमलं.

नातीला आता सांगते. घ्यायचा तर घे ब्रश. आठवड्यातून दोनदा, जास्त नाही. दाबू नकोस. आधी हाताच्या मागच्या बाजूला लावून बघ. डोळे उघडे ठेव. तुझा तूच वापर. धुवायचा कोमट पाण्यात, आणि पुस्तिका आली की मला आधी तिच्यातली चित्रं दाखव.

मलमल झोपेत गेली, सकाळी सकाळी. शेजारणी जमल्या, कोणी म्हणालं, तोंड धुवायला हवं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टॉवेल घेतला. पाणी गरम झालं होतं, त्यात गार ओतलं. बोट बुडवलं. पुन्हा थोडं गार ओतलं. तीनदा बघितलं, कोमट आहे ना.

मग आधी हाताची मागची बाजू तिच्या गालाला लावली आणि दहा मोजले. माझे हात सोड्यानं राठ झालेले, मला तिच्यासारखं काही ऐकू येत नाही. तरी मोजले.